सावरडो भाजताना कान, नाक आणि बोटे
आमच्याकडून विरजण नेणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सावरडो म्हणजे आंबवलेल्या पिठाच्या विरजणाने फुगवलेला आंबूस पाव. या विरजणाच्या बरणीबरोबर वेळापत्रकही द्यावे, अशी मागणी ग्राहक वारंवार करतात. आम्ही ते मुद्दाम देत नाही, कारण नवतपातले (मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांतले) आणि डिसेंबरातले नागपूर यांत इतके अंतर असते की, एका ऋतूत अचूक ठरलेले तास दुसऱ्या ऋतूत पीठ बिघडवतात. म्हणून घड्याळाकडे अधूनमधून पाहावे आणि निर्णय ऐकून, हुंगून व चाचपून घ्यावा. घरी पाव भाजण्याचा निम्मा आनंदही त्यातच आहे.

विरजणात रानयीस्ट (पिठात आपसूक असणारे यीस्ट) आणि आंबटपणा आणणारे जिवाणू एकत्र नांदतात. ते जोमात असताना बरणीला कान लावल्यास बुडबुडे फुटण्याची बारीक चुरचुर ऐकू येते. सुदृढ विरजणाला दह्याकडे झुकणारा सौम्य आंबूस वास असतो. तो व्हिनेगरसारखा नाकात शिरू लागला, तर अ‍ॅसेटिक आम्ल वाढले आहे असे समजावे. नेलपॉलिश काढण्याच्या द्रावणाची आठवण करून देणारा उग्र दर्प आला, तर विरजण उपाशी आहे, मेलेले नाही, आणि दोन-तीनदा ताजे पीठ व पाणी दिल्यावर ते बहुधा सावरते. बुरशी किंवा गुलाबी-नारिंगी छटा दिसल्यास मात्र सगळे टाकून द्यावे.

पीठ मळण्याबाबत वैदर्भीय घरांना फारसे शिकवावे लागत नाही. लंबी रोटीची सैल कणीक जशी आपटून-आपटून ताणली जाईपर्यंत तयार करतात, तशीच वागणूक सावरडोच्या ओलसर पिठालाही मानवते. सुरुवातीला ते ओट्यावर पचकन पडते आणि चिकटते. ग्लुटेनचे (गव्हातल्या चिवट प्रथिनांचे) जाळे जुळत गेले की तोच आवाज ठसठशीत होतो व पीठ एकसंध उचलले जाते. फुगून आलेल्या गोळ्यावर कोरडे पीठ लावलेले बोट हलकेच दाबावे. खळगा झटकन भरून आला तर अजून थांबावे, सावकाश आणि अर्धवट भरला तर भाजायला घ्यावे.

बहुतेक घरांत ओटीजी (विजेचा छोटा ओव्हन) असतो आणि तो पुरतो. त्यात झाकणाचे जाड लोखंडी भांडे 230 अंश सेल्सिअसवर चांगले तापवून घ्यावे. पहिली 20 मिनिटे झाकण ठेवल्याने पिठातलीच वाफ आत कोंडते, वरचा थर मऊ राहतो आणि पावाला फुलायला वाव मिळतो. या काळात येणारा वास ओलसर, शिजत्या पिठाचा असतो. झाकण काढल्यावर पृष्ठभाग सुकून सुमारे 140 अंशांच्या पुढे जातो आणि साखर व अमिनो आम्ले यांच्यातली, 1912 मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मेयार यांनी वर्णन केलेली अभिक्रिया वेग घेते. घरभर पसरणारा खमंग दरवळ तिचाच. करपेल या भीतीने अनेक जण इथेच पाव बाहेर काढतात, आणि आमच्या मते घरच्या सावरडोतला सर्वांत सामान्य दोष हाच आहे. रंग गडद तपकिरी होऊ द्यावा. बुडावर बोटाने ठोकल्यावर पोकळ आवाज आला, तर आतला भाग बहुधा शिजलेला असतो. घरी थर्मामीटर असल्यास मध्यभागी 96 ते 98 अंश दिसले पाहिजेत.

यानंतर पाव जाळीवर ठेवून कूलर आणि पंखा दोन्ही बंद करावेत, मे महिना असला तरी, कारण पुढची काही मिनिटे ऐकण्यासारखी असतात. वाळून ठिसूळ झालेले कवच निवताना आकसते, पण आतला गर अद्याप गरमच असतो. या ताणाने कवचाला केसासारख्या भेगा पडतात आणि प्रत्येक भेगेबरोबर एक बारीक तडतड उमटते. पाव मुका राहिला, तर कवच पुरेसे वाळलेले नाही असे समजून पुढच्या वेळी झाकणाशिवाय थोडा अधिक वेळ द्यावा.

हा आवाज थांबल्यावर सुरी चालवण्याचा मोह होतो. स्टार्च स्थिर व्हायला निदान एक तास लागतो, आणि त्याआधी कापलेला पाव आतून चिकट लागतो. पावसाळ्यात कवच हवेतला ओलावा घेऊन काही तासांतच मऊ पडते. काप तव्यावर शेकले की कुरकुरीतपणा परत येतो.

विरजणाबाबत शंका असल्यास बरणी दुकानात घेऊन यावी. फोनवर पाठवलेल्या छायाचित्राला वास नसतो, त्यामुळे तेवढ्यावरून सल्ला देणे आम्ही टाळतो.