शिपायांच्या आठवणी

पलटणीतून पेन्शनीत आलेल्या शिपायाने आपल्या नोकरीतल्या लढाया, छावण्या, साहेबलोक आणि गमावलेले सोबती यांविषयी केलेले कथन. ते मुख्यतः तोंडी असते. इंग्रजी अमदानीत त्यातले फार थोडे कागदावर उतरले आणि जे उतरले ते बहुधा दुसऱ्याच्या हातून. त्यामुळे यातला आवाज नेमका कोणाचा, हे आधी तपासावे लागते.

सर्वाधिक चर्चा झाली ती बंगाल सैन्यातले सुभेदार सीताराम पांडे यांच्या आत्मकथनाची. मजकुरावरून पाहता ते अवधचे ब्राह्मण; भरती १८१२ च्या सुमारास, निवृत्ती १८६० च्या आसपास. जेम्स नॉर्गेट या अधिकाऱ्याने ते इंग्रजी भाषांतर म्हणून १८७३ मध्ये लाहोरला छापले. मूळ हस्तलिखित मात्र कोणाच्या हाती लागलेले नाही. कर्नल फिलट यांनी १९१० मध्ये उर्दू पाठ काढला आणि अधिकाऱ्यांच्या भाषापरीक्षेसाठी तो अभ्यासाला लागला. पण हा पाठ इंग्रजीवरून उलट फिरवलेला असल्याने मूळ भाषेचा पुरावा म्हणून तो धरता येत नाही. नेपाळ, पेंढारी, भरतपूर, अफगाणिस्तान, शीख युद्धे आणि १८५७ या साऱ्या मोहिमांत एकच शिपाई कसा, हा संशयवाद्यांचा मुख्य आक्षेप. १९७० च्या आवृत्तीचे संपादक जेम्स लंट यांचा कल मजकूर अस्सल मानण्याकडे होता. काबूलच्या गुलामीतून सुटून आल्यावर जातीने वाळीत टाकणे, परत जातीत घेण्यासाठी मोजावा लागलेला पैसा, हे तपशील पाहता गाभा शिपायाचा आणि रंगकाम अनुवादकाचे, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

या कथनातला एक प्रसंग विसरता येत नाही. लखनौला पकडलेल्या बंडवाल्यांना गोळ्या घालायच्या तुकडीवर सीताराम यांची नेमणूक झाली आणि कैद्यांत त्यांचा स्वतःचा मुलगा निघाला. मेजरने त्यांना त्या कामातून मोकळे केले. बार झाल्याचा आवाज त्यांनी दुरून ऐकला. मुलावर अंत्यसंस्कार करण्याची परवानगी तेवढी मिळाली.

पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या भारतीय शिपायांची पत्रे सेन्सॉरखालून जात. अनेकांची पत्रे लेखनिकाने लिहिलेली असत. शिवाय आज त्यांतले बरेचसे उतारे सेन्सॉरने केलेल्या इंग्रजी भाषांतरातच उरले आहेत.

मराठी मुलखात लिखित सामग्री आणखी विरळ. मेसोपोटेमियातल्या (आजचे इराक) कुत गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात १०३, ११० व ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. तिथल्या सैन्याने २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती पत्करली. उपासमार आणि त्यानंतरची कैद सोसून परतलेल्यांनी घरी काय सांगितले, ते बहुतेक घरातच राहिले. सातारा तालुक्यातल्या अपशिंगे (मिलिटरी) गावचे ४६ जण त्या युद्धात कामी आल्याचे सांगतात. पांढऱ्या रंगात नाव-नंबर घातलेली काळी ट्रंक आजही अशा गावांतल्या घरांत सापडते. ती उघडली की बोलणे आपोआप सुरू होते.

९ एप्रिल १९४५ रोजी इटलीत सेनिओ नदीवर मराठा पलटणीतले शिपाई नामदेव जाधव यांनी दोन जखमी सोबत्यांना पाण्यातून पलीकडे नेले, मग मशिनगनच्या चौक्या उडवल्या आणि काठावर चढून पलटणीची ललकारी दिली. याबद्दल त्यांना मिळालेल्या व्हिक्टोरिया क्रॉस या शौर्यपदकाच्या मानपत्रात हे सारे इंग्रजीत नोंदले आहे. जाधव १९८४ पर्यंत हयात होते.