आचारसंहिता आणि शेतकऱ्याची बंदूक

निवडणूक जाहीर झाली की कोकणात गावोगावी निरोप येतो : परवान्याची बंदूक ठाण्यात जमा करा. लोकसभेच्या वेळी काजूचा हंगाम असतो, विधानसभेच्या वेळी भातकापणी. 2024 मध्ये 16 मार्चला आचारसंहिता लागली आणि निकाल 4 जूनला आला. मग 15 ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता. म्हणजे एकाच वर्षात दोन्ही पिकं ऐन रानडुकरांच्या तोंडी असताना राखणीची बंदूक घराबाहेर. डुकराला मारायला वन खात्याची परवानगी लागते, हे खरं. पण नुसता बार काढून कळप हुसकवायचा तरी बंदूक हाताशी हवी.

हत्यारबंद रयतेची भीती सरकारला जुनी आहे. 1857 चा उठाव मोडल्यावर इंग्रजांनी लोकांची हत्यारं काढून घेतली आणि व्हाइसरॉय लिटनच्या काळात, 1878 साली, शस्त्र कायदा करून परवाना सक्तीचा केला. युरोपियनांना त्यातून सूट होती. स्वतंत्र भारताचा शस्त्र कायदा 1959 चा. त्यात शेतकऱ्याचा वेगळा विचार आहे : कलम 13 मध्ये पीक राखण्यासाठी ठासणीच्या (नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायच्या) बंदुकीचा परवाना स्वतंत्रपणे नमूद केला आहे. कायद्यानेच ज्या कामासाठी बंदूक दिली, ते काम मतदानाच्या तारखा बघून थांबत नाही.

सरसकट जमा करण्याच्या या प्रथेला धक्का बसला 2009 साली. एका परवानाधारकाच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला आणि त्याला अनुसरून निवडणूक आयोगाने 1 सप्टेंबर 2009 रोजी देशभरासाठी सूचना काढल्या. माझ्या मते या विषयातला सर्वांत महत्त्वाचा कागद हाच. जिल्हा दंडाधिकारी आणि पोलीस अधीक्षक यांच्या छाननी समितीने एकेका परवानाधारकाचा विचार करायचा : जामिनावर सुटलेला आहे का, गुन्ह्यांची पार्श्वभूमी आहे का, पूर्वी, विशेषतः निवडणुकीत, दंगलीत सापडला होता का. ज्याच्याबद्दल गरज वाटेल त्याला नोटीस द्यायची, त्याने 7 दिवसांच्या आत शस्त्र जमा करायचं. पोच द्यायची. ठेवलेलं शस्त्र सुरक्षित राखणं ही जिल्हा प्रशासनाची जबाबदारी, आणि निवडणुकीच्या निकालानंतर आठवडा उलटला की ते लगेच परत.

कागदावर एवढं स्वच्छ असूनही ठाण्यातून येणारा निरोप बहुतेकदा सगळ्यांना सारखाच असतो, ही शेतकऱ्यांची दर निवडणुकीतली तक्रार आहे. ज्याच्यावर आयुष्यात एक गुन्हा नाही त्या म्हाताऱ्या बागायतदाराला समितीने आपल्या नावाचा विचार केला की नाही, हे कळतच नाही. नोटीस मागायचा हक्क आपल्याला आहे हेही त्याला कुणी सांगितलेलं नसतं. शिवाय 4 जूनच्या निकालानंतरचा आठवडा म्हणजे 11 जून. कोकणात तोवर पाऊस सुरू होतो, आणि दमट खोलीत तेल न लावता उभी राहिलेली ठासणीची नळी गंज धरते.