बोटीतला वास टाकीबरोबर आला

खिंडसीवर किंवा अंबाझरीला बोटीची फेरी इतक्या लवकर आटोपते की तिथे संडासाचा प्रश्नच येत नाही. नागपूरकराला तो भेटतो केरळच्या हाऊसबोटीत, बहुधा नाकाच्या वाटेने.

शिडाच्या जहाजांवर खलाशी पार पुढे, नाळेवर बसत. वारा बहुधा मागून यायचा, म्हणून वास पुढच्या पुढे जाई आणि खालचं लाटा धुऊन नेत. घरातल्या संडासात वास अडवते ती 1775 मध्ये अलेक्झांडर कमिंगने पेटंट घेतलेली वळणदार नळी. तिच्यात पाणी साचून राहतं. हेलकावणाऱ्या बोटीत त्या पाण्याचा काय भरवसा? म्हणून तिथे पंप आणि झडपा आल्या. झडपांचंही भय असतंच: 14 एप्रिल 1945 ला यू-1206 ही जर्मन पाणबुडी संडासातून समुद्राचं पाणी आत शिरल्यामुळे गमवावी लागली.

तरी तोवर सगळं थेट समुद्रातच जात होतं. ते थांबलं कायद्यांनी. जहाजांच्या प्रदूषणाबद्दलचा मार्पोल करार 1973 चा, पण त्याचा सांडपाण्याचा भाग लागू व्हायला 2003 उजाडलं. त्यानुसार मोठ्या जहाजांना प्रक्रिया न केलेला मैला किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांच्या आत सोडता येत नाही. अनेक देशांनी लहान बोटींनाही असे निर्बंध घातले. मैला बोटीतच साठवायची वेळ आली आणि खरी दुर्गंधी तिथून सुरू झाली.

बोटीच्या संडासात नळीने समुद्राचंच पाणी ओढून घेतात आणि त्याच्या लिटरभरात अडीच ग्रॅमहून जास्त सल्फेट असतं. बोट आठवडाभर उभी राहिली की नळीतल्या पाण्यातले सूक्ष्म जीव मरतात, प्राणवायू संपतो आणि जिवाणू त्या सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड बनवतात. सडक्या अंड्याचा तो वास नाग नदीच्या काठाने मे महिन्यात जाणाऱ्याला सांगायला नको. टाकीत फॉर्मलिन ओतायची पद्धत पडली होती; त्याने जिवाणूच मरतात, मैला जिरत नाही. टाकीला रुंद हवानळी देऊन आत खेळती हवा ठेवणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. बोट बांधून ठेवण्याआधी नळ्यांतून गोडं पाणी फिरवावं, हेही त्यातलंच.

एवढं करूनही वास राहिला तर नळीच मुरलेली असते. गरम पाण्यात पिळलेलं फडकं तिच्यावर गुंडाळायचं, गार झालं की हुंगायचं. फडक्याला वास लागला असेल तर नळी बदलायची.