पत्ते पिसतंय कोण?

गोकुळाष्टमीच्या रात्री मामांच्या घरी पत्ते बसतात. सोलापुरातल्या अशोक चौकाच्या मागची गल्ली, खाली यंत्रमाग, वर दोन खोल्या. त्या रात्री माग बंद असतात, म्हणून एकमेकांचं बोलणं ऐकू येतं. पैसे लावायचे नाहीत हा मामींचा नियम, त्यामुळे चाल शेंगदाण्यांची. उपवासाला चालतात, आणि हरत आलेल्याला उरलेलं भांडवल खाऊन टाकता येतं.

यंदा मी कोपऱ्यात मोबाइलवर फुकटच्या चिप्सचा पोकर उघडून बसलो होतो. मामांनी चष्म्यावरून दोन डाव पाहिले आणि विचारलं, "मला एक सांग बे, ह्यात पत्ते पिसतंय कोण?"

मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो. असा प्रश्न वर्गात कुणी विचारला असता तर मी त्याला चहा पाजला असता. पण उत्तर द्यायच्या आत मामांना पडद्यावर दुसरीच गोष्ट दिसली. कुणीतरी पाच बदामांवर सिक्वेन्सवाल्याचा डाव मारला होता. "कलर सिक्वेन्सच्या वर? उलटंय की हे!"

मामांच्या तीन पत्तीत सिक्वेन्स, म्हणजे ओळीने लागणारी पानं, कलरच्या, म्हणजे सगळ्या एकाच रंगाच्या पानांच्या, वर असतो. उलटं आहे खरं, आणि दोन्हीकडे बरोबर आहे. जो हात दुर्मीळ तो मोठा, एवढाच पत्त्यांचा न्याय. बावन्न पानांतून तीन पानांचे २२,१०० वेगवेगळे हात होतात. त्यांत साधे सिक्वेन्स ७२० आणि कलर १,०९६, म्हणून तीन पत्तीत सिक्वेन्स वर. पाच पानं घेतली की हातांची संख्या २५,९८,९६० वर जाते. तिथे सिक्वेन्स १०,२०० आणि कलर ५,१०८. पाचही पानं एकाच रंगाची येणं अवघड होऊन बसतं, म्हणून पोकरमध्ये कलर वर. सगळ्यांत वरचा हात, एकाच रंगाचे दश्शी, गुलाम, राणी, राजा, एक्का, हा तर फक्त चार प्रकारे येतो: ६,४९,७४० हातांत एकदा.

मामांनी वहीच्या मागच्या पानावर तीन पत्तीचा हिशेब मांडायला घेतला. तो त्यांना सोडून देऊन मी पोकरच्या प्रकारांकडे वळलो, कारण प्रत्येक प्रकार म्हणजे हीच मोजणी नव्याने करणं असतं. सर्वांत जास्त खेळला जातो तो टेक्सस होल्डेम. प्रत्येकाला दोन झाकली पानं, मधे सर्वांसाठी उघडी पाच; ती आधी तीन, मग एक, मग एक अशी उलगडतात आणि प्रत्येक टप्प्यावर बोली लागते. सातांतून आपली उत्तम पाच निवडायची. इथे एक गंमत आहे. सात पानांत एक तरी जोडी जुळणं इतकं सोपं असतं की काहीच न जुळण्याची शक्यता १७ टक्के आणि नुसती एक जोडी जुळण्याची जवळपास ४४ टक्के. दुर्मीळ तो मोठा म्हटलं तर बिनजोडीचा हात जोडीच्या वर हवा. पण तसा नियम केला की जोडीवाला सातांतून जोडी मोडूनच पाच पानं दाखवेल आणि दुर्मीळपणा जागच्या जागी संपेल. मोजणीनं नियम ठरतो खरा, पण नियम बदलला की माणूस बदलतो आणि मोजणीही बदलते.

ओमाहात हातात चार पानं असतात, पण त्यांतली नेमकी दोनच वापरायची. मधे चार बदाम आणि आपल्या हातात एकच बदाम, म्हणजे कलर नाही. नवशिके इथेच फसतात. शॉर्ट डेकमध्ये दुरीपासून पंजीपर्यंतची पानं काढून टाकतात, उरतात ३६. एका रंगाची नऊच पानं राहिल्यामुळे कलर उरतात ४८० आणि फुल हाउस, म्हणजे तिघे एकसारखे आणि वर जोडी, १,७२८. बावन्न पानांत फुल हाउस ३,७४४ आणि कलरपेक्षा वरचा. छत्तीस पानांत दोघांच्या जागा अदलाबदल.

आता मामांचा मूळ प्रश्न.

बावन्न पानं ओळीने लावायच्या तऱ्हा किती? आठावर ६७ शून्यं, त्याहून किंचित जास्त. आपण नीट पिसलेला कॅट याआधी जगात कुणाच्याही हातात त्याच क्रमाने आलेला नसणार, हे म्हणायला यामुळे धीर होतो. 'नीट' हा शब्द मात्र महत्त्वाचा. १९९२ मध्ये डेव्ह बेयर आणि पर्सी डायकोनिस या गणितज्ञांनी दाखवलं की कॅटचे दोन भाग करून फर्रकन एकमेकांत मिसळण्याच्या पद्धतीत सातेक वेळा तरी मिसळावं लागतं. आपण हातात धरून गड्डे वरखाली करतो त्याला कितीतरी पटींनी जास्त. मामा तीनदा पिसतात आणि चौथ्यांदा पिसलं तर समोरचा बोंब मारतो.

कॉम्प्युटरची अडचण वेगळी आहे. त्याला आपणहून चूक करता येत नाही. मामांनी तीस वर्षं चादरीच्या कारखान्यात जकार्डचे माग चालवले, त्यामुळे त्यांना हे सांगायला मला उदाहरण शोधावं लागलं नाही. जकार्डच्या डोक्यावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरते. भोक असेल तिथला धागा उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो. माळ तीच, तर फूलही तेच. हजाराव्या चादरीवरही पाकळी इकडची तिकडे होत नाही. कॉम्प्युटरचे 'यादृच्छिक' आकडे बनवणारा साधा प्रोग्रॅम असाच असतो. सुरुवातीला त्याला एक आकडा द्यायचा, त्याला सीड म्हणतात, आणि पुढची सगळी माळ त्या एका आकड्यावरून ठरते. बघणाऱ्याला ती विस्कटलेली दिसते, एवढंच.

"म्हणजे पहिला पुठ्ठा कळला की पुढचं फूल कळलं," मामा म्हणाले.

नेमकं हेच १९९९ मध्ये घडलं. खऱ्या पैशांचा ऑनलाइन पोकर सुरू होऊन दोन वर्षंही झाली नव्हती. एका पोकर सॉफ्टवेअर कंपनीने आमचं पिसणं किती प्रामाणिक आहे हे दाखवायला आपला प्रोग्रॅम जाहीर केला. अमेरिकेतल्या रिलायबल सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीज या कंपनीतल्या सुरक्षातज्ज्ञांनी तो वाचला. त्यातला सीड ३२ बिटांचा, म्हणजे शून्य-एकच्या ३२ जागांचा होता, म्हणजे फार तर सव्वाचार अब्ज कॅट; आठावर ६७ शून्यांपुढे हा आकडा चिमूटभरही नाही. त्यात तो सीड घड्याळावरून घेतलेला: मध्यरात्रीपासून किती मिलिसेकंद झाले. दिवसात मिलिसेकंद ८ कोटी ६४ लाख, तेवढेच कॅट. आपलं घड्याळ सर्व्हरच्या घड्याळाशी जुळवून घेतलं की शक्यता दोनेक लाखांवर येतात. आपली दोन पानं आणि मधली उघडी तीन, अशी पाच पानं दिसली की त्या दोन लाखांतून जुळणारा कॅट कॉम्प्युटर लगेच शोधायचा. मग समोरच्याची झाकलेली पानं आणि पुढे उलगडणारी पानं, सगळं उघडं.

त्याच प्रोग्रॅममध्ये पिसण्याच्या पद्धतीतही खोट होती, आणि ती मला जास्त आवडते, कारण ती सतरंजीवर दाखवता येते. मी एक्का, राजा, राणी ओळीने ठेवले. नियम असा: पहिल्या जागेवरचं पान तीनपैकी कुठल्याही जागेशी बदला, मग दुसऱ्या जागेवरचं, मग तिसऱ्या. दिसायला अगदी न्याय्य. वाटा झाल्या तीन गुणिले तीन गुणिले तीन, सत्तावीस. तीन पानांचे क्रम मात्र सहाच. सत्तावीस शेंगदाणे सहा वाट्यांत सारखे वाटून बघा. तीन क्रमांच्या वाट्याला पाच-पाच येतात आणि तिघांच्या वाट्याला चार-चार, म्हणजे काही क्रम कायम जास्त वेळा येणार. उपाय रोनाल्ड फिशर आणि फ्रँक येट्स यांनी १९३८ मध्येच सांगितलेला होता: ज्या जागा ठरून झाल्या त्यांना पुन्हा हात लावायचा नाही, उरलेल्यांतूनच निवडायचं. वाटा तीन गुणिले दोन गुणिले एक, सहा. सीडही घड्याळावरून न घेता हार्डवेअरच्या विजेतल्या खरखरीसारख्या, कुणालाच आधी सांगता न येणाऱ्या गोष्टीवरून घ्यायचा, आणि तोही निदान २२६ बिटांचा. त्याशिवाय सगळे कॅट शक्य होत नाहीत.

पिसणं प्रामाणिक असलं तरी नशिबाची लुडबुड केवढी, हे २०१७ च्या एका सामन्यावरून कळतं. कार्नेगी मेलन विद्यापीठाचा लिब्राटस हा प्रोग्रॅम चार व्यावसायिक खेळाडूंशी दोघांच्या होल्डेममध्ये भिडला आणि जिंकला. पण ते सिद्ध करायला वीस दिवस आणि १,२०,००० डाव लागले. एक्क्यांची जोडी राजांच्या जोडीसमोर बसली तरी शंभरात अठराएक वेळा हरते. शंभर-दोनशे डावांत कोण भारी हे ठरवणं अशक्यच.

ऑनलाइन पोकर कंपन्यांच्या बोनसचं प्रकरण थोडक्यात उरकतो, कारण त्यात गणित कमी आणि बारीक अक्षरं जास्त. समजा दोन हजार भरल्यावर 'दोन हजार मोफत'. ते खात्यात दिसतात, हाती येत नाहीत. प्रत्येक डावातून कंपनी आपला वाटा कापते, त्याला रेक म्हणतात. समजा पाच रुपये रेक गेला की बोनसमधला एक रुपया सुटतो. दोन हजार सोडवायला दहा हजारांचा रेक द्यावा लागेल, तोही मुदतीत. म्हणजे ही कापलेल्या पैशावर वीस टक्के सूट झाली. साड्यांच्या सेलमध्ये आधी किंमत चढवून मग सूट देतात, ते आपल्या लगेच लक्षात येतं.

आपल्याकडे हा हिशेब आता वहीपुरताच आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये रमीला कौशल्याचा खेळ म्हणताना तीन पत्ती मात्र निव्वळ नशिबाची ठरवली होती, आणि पोकर कुठल्या बाजूचा यावर पुढे वर्षानुवर्षं वकील लढले. २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची मंजुरी मिळालेल्या केंद्रीय कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांपुरता तो भेदच पुसला. कौशल्य असो वा नशीब, असा खेळ चालवायला आणि त्याची जाहिरात करायला बंदी.

टुर्नामेंट मात्र शेंगदाण्यांवरही होते, आणि आमची झाली. प्रत्येकाला सारखे दाणे, संपले की बाहेर, आणि दर वीस मिनिटांनी पहिली सक्तीची बोली दुप्पट. ती वाढते म्हणूनच टुर्नामेंट संपते, नाहीतर सावध माणसं दिवाळीपर्यंत बसून राहतील. बक्षीस दुसऱ्या दिवशीच्या दहा शेंगापोळ्या: पहिल्याला पाच, दुसऱ्याला तीन, तिसऱ्याला दोन. तिघं उरलो तेव्हा निम्मे दाणे मामांकडे, बाकीचे मी आणि मामी यांच्यात सारखे. मामा म्हणाले, पाच पोळ्या माझ्याच. हिशेब तसा नाही. दाण्यांच्या प्रमाणात पहिला येण्याची शक्यता धरली, आणि मग उरलेल्या दोघांत त्याच प्रमाणात दुसरा, तर मामांचा पहिला नंबर यायची शक्यता एक द्वितीयांश, दुसरा एक तृतीयांश, तिसरा एक षष्ठांश. सरासरी पोळ्या ३.८३. मामींकडे आणि माझ्याकडे पाव-पाव दाणे, पण वाट्याला ३.०८. दाणे निम्म्याने कमी, पोळ्या पाऊणच कमी. म्हणून शेवटच्या टप्प्यात मोठ्या गड्डीवाल्याने उगाच दुसऱ्या मोठ्या गड्डीशी पंगा घेऊ नये. मिळणाऱ्या दाण्यापेक्षा जाणारा दाणा महाग असतो.

ऑनलाइन टुर्नामेंटची हवा तयार झाली ती २००३ मध्ये. क्रिस मनीमेकर नावाचा हिशेबनीस ८६ डॉलरच्या ऑनलाइन पात्रता फेरीतून वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर या स्पर्धेत पोचला आणि ८३९ जणांतून जिंकून २५ लाख डॉलर घेऊन गेला. आडनावासकट ते सगळं खरं आहे. त्याचं नाव सगळ्यांना माहीत आहे, उरलेल्या ८३८ जणांना कुणी विचारत नाही.

दोन वाजता मामांनी वही पुढे केली. हिशेब पुरा झाला होता: तीन एकसारखी पानं, म्हणजे ट्रेल, ५२ प्रकारे येते आणि प्युअर सिक्वेन्स, म्हणजे एकाच रंगाचा सिक्वेन्स, ४८ प्रकारे. "प्युअर सिक्वेन्स दुर्मीळ आहे बे! मग ट्रेल वर कशी? इतकी वर्षं चुकीचं खेळलो. आजपासून ह्या घरात प्युअर सिक्वेन्स वर."

आकडे बरोबर होते. मी मान डोलावली आणि मामांनी आपली पानं उघडली: किलवरची अठ्ठी, नव्वी, दश्शी.

मामींनी तीन सत्त्या सतरंजीवर ठेवल्या आणि शेंगदाणे पदरात ओढले. "नियम उद्यापासून बदला," त्या म्हणाल्या.