एचआयव्हीची जोखीम : समलिंगी पुरुषांमधील मूल्यमापन व प्रतिबंध

पुरुषाला एचआयव्हीची लागण होण्याची शक्यता किती, हे त्याच्या ओळखीवरून नव्हे, तर त्याच्या शरीरसंबंधांवरून ठरते. भारतात हा भेद फार मोलाचा आहे. पुरुषांशी संबंध ठेवणारे कितीतरी जण विवाहित असतात, स्वतःला ‘गे’ म्हणवत नाहीत. ‘तुम्ही समलिंगी आहात का?’ असे विचारले की ते ‘नाही’ म्हणतात आणि विचारपूस तिथेच थांबते. म्हणून एड्स नियंत्रण कार्यक्रमात ‘पुरुषांशी लैंगिक संबंध ठेवणारे पुरुष’ अशी वर्तनावर आधारलेली संज्ञा वापरतात. समुपदेशकाने विचारायचे ते साधे असते : अलीकडे जोडीदार किती, संभोग कोणत्या प्रकारचा, कंडोम दर वेळी होता का, नशा केली होती का, पूर्वी गरमी (सिफिलिस) किंवा परमा (गनोरिया) झाला होता का. विचारणाऱ्याच्या कपाळावर आठी दिसली, तर खरे उत्तर मिळत नाही.

गुदाशयाचे अस्तर नाजूक असल्याने गुदसंभोगात धोका सर्वाधिक. जोडीदार बाधित असून उपचार घेत नसेल आणि कंडोम नसेल, तर गुदसंभोग करवून घेणाऱ्याला दर १०,००० संबंधांमागे सुमारे १३८ वेळा, करणाऱ्याला सुमारे ११ वेळा लागण होते, असा अंदाज आहे. ही सरासरी आहे. पहिल्याच संबंधातही लागण होऊ शकते. घशातला व गुदाशयातला परमा बहुधा लक्षणे दाखवत नाही, त्यामुळे केवळ लघवीच्या तपासणीत तो निसटतो.

कंडोमसोबत पाण्यावर आधारित वंगण वापरावे. तेलाने किंवा व्हॅसलीनने लेटेक्स फाटते. लागण टाळण्यासाठी संबंधापूर्वीपासून घ्यायच्या गोळ्यांना ‘प्रेप’ म्हणतात. धोका घडून गेल्यावर लागण टाळण्यासाठी घ्यायची औषधे म्हणजे ‘पेप’; ती ७२ तासांच्या आत, शक्यतो लगेच, सुरू करून २८ दिवस घेतात. उपचारांनी रक्तातील विषाणू मोजता न येण्याइतके घटले, तर जोडीदाराला संसर्ग होत नाही. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपीय अभ्यासात अशा ७८२ पुरुष जोडप्यांत एकही लागण जोडीदाराकडून झालेली आढळली नाही. बाधितांबद्दलची भीती घालवणारी इतकी मोठी गोष्ट अजून पुरेशा लोकांपर्यंत पोहोचलेली नाही.

मुंबईत हमसफर ट्रस्टने १९९४ पासून आणि पुण्यात समपथिक ट्रस्टने २००२ पासून एचआयव्ही प्रतिबंधाचे हे काम केले, तेही समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे कलम ३७७ लागू असताना. सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे संबंध ६ सप्टेंबर २०१८ रोजी गुन्ह्यातून वगळले. त्याच महिन्यात लागू झालेल्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार चाचणीला संमती लागते व माहिती गुप्त ठेवावी लागते. सरकारी केंद्रांत चाचणी मोफत होते. १०९७ या क्रमांकावर सल्ला मिळतो.