अर्ध्या गोळीमागचा इतिहास

सातपूर एमआयडीसीत तीस वर्षं शिफ्ट केलेले आमच्या सोसायटीतले काका रोज रात्री दाढीच्या ब्लेडने झोपेची गोळी अर्धी करतात. उरलेली अर्धी स्ट्रिपच्याच चांदीत गुंडाळून ठेवतात. पंधरा दिवसांसाठी लिहून दिलेली गोळी, सहा वर्षं झाली. दोनदा सोडून पाहिली. तिसऱ्या रात्री पंख्याकडे बघत पडले आणि सकाळी म्हणाले, "आजार आहेच माझा, गोळीनं दाबून ठेवला होता."

या समजुतीने भल्याभल्यांना चकवलं आहे. १९०३ मध्ये जर्मनीत बार्बिटाल निघालं. त्या जातीच्या औषधांनी झोप यायची, पण डोस वाढला की श्वास बंद पडायचा आणि एकदम थांबवलं की फिट यायची. मग १९६० मध्ये लिओ स्टर्नबाख यांचं लिब्रियम आलं, १९६३ मध्ये व्हॅलियम. ही बेंझोडायझेपिन्स सुरक्षित मानली गेली आणि डॉक्टरांनी सढळ हाताने लिहिली.

१९७८ मध्ये अमेरिकेत अँथनी केल्स आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की या जातीच्या काही गोळ्या थांबवल्यावर झोप काही रात्री मुळापेक्षाही बिघडते. कारण साधं आहे. गोळी मेंदूतल्या गाबा या रसायनाचा ब्रेक जोरात दाबते, मेंदू त्या दाबाला सरावतो. गोळी काढली की ब्रेक ढिला. काकांची तिसरी रात्र यातलीच असणार. पण ती भोगणाऱ्याला जुना आजार परतल्यासारखंच वाटतं, आणि हात पुन्हा स्ट्रिपकडे जातो.

इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला डॉ. हेदर अ‍ॅश्टन यांनी १९८२ पासून बारा वर्षं या गोळ्या सोडू पाहणाऱ्या रुग्णांसाठी दवाखाना चालवला. डोस महिनोन्‌महिने, थोडा थोडा उतरवायचा, ही त्यांची रीत. १९८८ मध्ये ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीने बेंझोडायझेपिन्स घेण्यावर दोन ते चार आठवड्यांची मर्यादा सुचवली. पुढे 'वेगळ्या जातीचं' म्हणून आलेलं झोल्पिडेमही काम त्याच गाबाच्या जागी करतं.

आपल्याकडे १ मार्च २०१४ पासून अल्प्राझोलाम (हेही बेंझोडायझेपिनच), झोल्पिडेम वगैरे औषध नियमांतल्या एच-१ यादीत आहेत. मेडिकलवाल्याने डॉक्टरचं आणि पेशंटचं नाव, किती गोळ्या दिल्या हे रजिस्टरमध्ये लिहायचं आणि ते तीन वर्षं जपायचं. वही विक्रीची नोंद ठेवते, सोडायची कशी ते सांगत नाही.

काकांना आता डॉक्टरांनी उतरता डोस कागदावर लिहून दिलाय. दुपारची डुलकी बंद, उठायची वेळ साडेपाच, झोप लागो न लागो. ब्लेड अजून लागतं. आता अर्धीचे दोन तुकडे करायचे असतात आणि एखादा फरशीवर उडाला की काकू मोबाइलचा टॉर्च लावून शोधतात.