नादारीनं कर्जदार सुटतो, कर्ज नाही

कर्ज अंगावर आलं की सांगली-साताऱ्याकडे दोन शब्द एका दमात बोलले जातात, तडजोड आणि नादारी, म्हणजे कोर्टाकडून स्वतःला दिवाळखोर ठरवून घेणं. 'पतसंस्थेशी नाही जमलं तर नादारी घेऊ, सगळंच माफ' असं माणूस बिनधास्त सांगतो. मग पहिला प्रश्न खर्चाचा, आणि त्याचं उत्तर मोबाईलवर शोधायचं. तिथं ३३८ डॉलर सापडतात. ती अमेरिकेतल्या चॅप्टर ७ ची, म्हणजे तिथल्या दिवाळखोरीच्या अर्जाची, कोर्ट फी आहे, तिचा विट्याशी किंवा फलटणशी काडीचा संबंध नाही.

शाळेतली नादारी म्हणजे फीमाफी, ती वेगळी. 'नादार दावा' म्हणजे कोर्ट फी भरायची ऐपत नाही म्हणून फीशिवाय दावा चालवण्याची परवानगी, तीही वेगळी. तिन्ही शब्द एकाच घरातले असले तरी या दोघांचं इथं काम नाही.

तडजोड बहुतेकांना माहीत असते. एकरकमी परतफेड, ओटीएस, काहीही म्हणा. संस्था व्याजात सूट देते, तुम्ही ठरलेली रक्कम ठरलेल्या तारखेपर्यंत भरता आणि खातं बंद होतं. खर्च म्हणजे ती रक्कम, शिवाय वसुली खर्च आणि अधिभार. हे दोन्ही आकड्यात धरलेत का, ते पैसे भरण्याआधी लेखी विचारा. सिबिलवर 'सेटल्ड' असा शेरा येतो. एक हप्ता चुकला की सूट रद्द होऊन जुनं व्याज परत चढतं. तोंडी तडजोड म्हणजे तडजोड नव्हे, शाखाधिकारी कितीही ओळखीचा असो.

आता नादारी. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेवरचे व्हिडिओ बघून इथले लोक तयारीला लागतात. त्यात वर्षाला ६० हजारांपर्यंत उत्पन्न आणि ३५ हजारांपर्यंत कर्ज असणाऱ्यासाठी 'नवी सुरुवात' नावाची सोय लिहिलेली आहे, पण लिहिलेलीच आहे. व्यक्तींसाठीचा तो भाग १ डिसेंबर २०१९ पासून फक्त कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांना लागू झाला. तासगावच्या बेदाणा व्यापाऱ्याला किंवा कराडच्या किराणा दुकानदाराला स्वतःच्या कर्जासाठी आजही १९२० चा प्रांतिक नादारी कायदाच. अर्ज जिल्हा कोर्टात करायचा. मूळ कायद्यात कर्जाची किमान रक्कम ५०० रुपये आहे. त्या काळी तो मोठा आकडा होता.

या अर्जाची कोर्ट फी किरकोळ असते. पैसा जातो तो इतर ठिकाणी. वकिलाची फी, आणि ती एकदाच ठरवून घ्या, तारखेगणिक नको. मग प्रत्येक सावकाराला नोटीस. कायद्याच्या भाषेत पैसे येणं असलेला प्रत्येक जण सावकारच, त्यात हातउसने देणारा मेव्हणाही आला. यादीत १५ नावं असतील तर १५ नोटिसा, आणि एक पत्ता चुकला की पुढची तारीख. राजपत्रातली प्रसिद्धी, कोर्टानं सांगितल्यास वर्तमानपत्रातली जाहिरात. रिसीव्हर म्हणजे तुमची मालमत्ता ताब्यात घेऊन विकायला कोर्टानं नेमलेला माणूस, त्याचा मेहनताना तुमच्या मालमत्तेतून वळता होतो. खिशातून जात नाही म्हणून तो फुकट समजू नका, तेवढं वाटप कमी होतं. शिवाय मूळ कायद्याप्रमाणे, सुटका होईपर्यंत, म्हणजे कोर्ट देण्यांतून मोकळं करेपर्यंत, आपण नादार आहोत हे न सांगता ५० रुपये किंवा जास्त उधार घेतलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद. ग्रामपंचायतीला उभं राहणंही तोवर बंद. काहींना हा शेवटचा खर्च सगळ्यात जड जातो.

हे सगळं तसं समजण्यासारखं आहे. घोळ होतो तो एकाच ठिकाणी.

तडजोडीत कर्ज संपतं. नादारीत कर्ज संपत नाही, फक्त तुम्ही त्यातून बाहेर पडता. १९२० च्या कायद्याचं कलम ४४ हे सरळ सांगतं: सुटकेचा हुकूम भागीदाराला, सहकर्जदाराला किंवा जामीनदाराला मोकळं करत नाही. आपल्याकडे पतसंस्थेचं कर्ज दोन जामीनदारांशिवाय उभं राहतं का? म्हणजे नादारीचा खरा खर्च अर्जावर दिसतच नाही. तो दुसऱ्याच्या घरी जातो.

आकड्यात बघा. ४ लाख येणं आहे, एक जामीनदार सख्खा साडू, दुसरा साखर कारखान्यात नोकरीला. ३ लाखांवर तडजोड झाली आणि भरली, तर खातं बंद, तिघंही मोकळे. त्याच कर्जात नादारी घेतली, रिसीव्हरनं मालमत्ता विकून संस्थेच्या वाट्याला ४० हजार आले, तर उरलेले ३ लाख ६० हजार आणि चढतं व्याज दोघांच्या डोक्यावर. संस्थेला नवा दावाही लावावा लागत नाही. सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला सहसा कर्जदार आणि जामीनदार यांच्यावर एकत्रच निघालेला असतो. कोर्टाचा संरक्षण हुकूम तुमच्यापुरता. वसुली अधिकारी दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या पगार विभागात पत्र घेऊन जाऊ शकतो.

आणि पुढचं कुणी सांगतच नाही. एरवी जामीनदारानं पैसे भरले तर ते मूळ कर्जदाराकडून वसूल करायचा हक्क त्याला करार कायद्यानं आहे. पण तुमची नादारी झाली की त्याचं हे येणंही बाकीच्या सावकारांसारखं रांगेत जातं आणि सुटकेच्या हुकमाबरोबर बुडतं. संस्थेला देताना तो पूर्ण देतो, तुमच्याकडून घेताना त्याला रुपयात चार आणेही मिळायची खात्री नाही. 'नादारी घेतली, कुणाचं वाईट नाही केलं' म्हणणाऱ्यांचा म्हणूनच राग येतो.

तडजोड केली तरी पत्रात दोन्ही जामीनदारांची नावं घालून 'यांची जबाबदारी संपली' असं लिहून घ्या. बेबाकी दाखला (काही येणं बाकी नसल्याचा) तिघांच्या नावे, कोरे धनादेश परत, आणि सातबाऱ्यावरचा बोजा उतरवायचं पत्र तलाठ्याकडे. बोजा आपोआप उतरत नाही, फेरफार घालावा लागतो.

तारणाचं थोडक्यात. घर, ट्रॅक्टर किंवा सोनं तारण असेल तर त्या संस्थेचा हात नादारीनं धरला जात नाही. मंगळसूत्र, शेतकऱ्याचं राहतं घर, बैल, अवजारं, बियाणं हे जप्तीतून सुटतं, पण तारण दिलेलं नसेल तरच. धनादेश न वटल्याचा १३८ चा खटला फौजदारी आहे, तोही आपोआप थांबत नाही.

नादारीच घ्यायची तर नादार ठरवणारा पहिला हुकूम म्हणजे शेवट नव्हे. त्यात दिलेल्या मुदतीत सुटकेचा वेगळा अर्ज करावा लागतो, नाहीतर नादारी रद्द होऊन सगळे सावकार परत दारात. बिनतारणी देण्यांच्या रुपयामागे आठ आण्यांइतकी मालमत्ता नसेल तर ते आपल्या चुकीनं झालं नाही हे पटवावं लागतं. गारपिटीचा पंचनामा, द्राक्षाचे पैसे बुडवून पळालेल्या दलालाविरुद्धची फिर्याद, तीन वर्षांच्या वह्या हे जपून ठेवा. वह्या नसणं हे सुद्धा सुटका अडण्याचं कारण आहे.

आमचं मत स्पष्ट आहे: जामीनदार असलेली खाती आधी तडजोडीनं मिटवा, नादारीचा विचार उरलेल्यांसाठी करा. यात तारखांचं भान हवं. जामीनदाराला वाचवायला एकाच संस्थेचं खातं तुमच्या पैशातून भागवलं आणि तीन महिन्यांच्या आत नादारीचा अर्ज पडला, तर रिसीव्हर तो व्यवहार उलटवू शकतो. तेच पैसे जामीनदारानं स्वतःचे भरले तर ही अडचण येत नाही. आणि भावाच्या किंवा बायकोच्या नावे बक्षीसपत्र करून रान वाचवायची जी युक्ती सर्रास सांगितली जाते, तिला कायद्यात दोन वर्षं मागे जाऊन हात घालता येतो.